पाचच्या गाडीआधी

"कौसा, तुझे अण्णा कुठं गेले बघ जरा. च्या निवून गेला," आई चुलीपुढून म्हणाली.

मी शाल गुंडाळून परसात आले. माघातली सकाळ होती. शिवारावर धुकं पसरलं होतं आणि गोठ्याच्या पत्र्यावरून दव टपटपत होतं. परसातल्या आंब्याखाली अण्णा उभे होते. एक फांदी दोन्ही हातांनी खाली ओढून त्यांनी मोहोरात तोंड खुपसलं होतं. क्षणभर मला वाटलं, त्यांना उभ्या उभ्या चक्कर आलीय.

"अण्णा!"

त्यांनी फांदी सोडली. मिशीला मोहोराचा पिवळा भुगा चिकटला होता.

"औंदा मोहोर दांडगा हाय," ते म्हणाले. आवाज घोगरा, फाटलेला. दोन शब्दांनंतर खाकरावं लागत होतं.

"आई बोलावतेय. चहा थंड झाला."

"आलो. तू बी हुंग की."

मी हुंगल्यासारखं केलं. माझं लक्ष कुठं होतं! संध्याकाळी पाचच्या गाडीनं अण्णांना सोलापूरला न्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भरती आणि परवा सकाळी ऑपरेशन. आणि जे मला ठाऊक होतं ते अण्णांना ठाऊक नव्हतं.

गावात अण्णांना भानुदास लोमटे म्हणून ओळखणारे थोडे. 'हाळीवाले अण्णा' म्हटलं की पोरंही घर दाखवायची. ज्वारी भरात आली की रानातल्या उंच माळ्यावर उभं राहून ते पाखरांना हाळी द्यायचे, ती ओढ्यापलीकडच्या शिवारात ऐकू जायची. तिकडचे लोक म्हणायचे, अण्णा आमचीही पाखरं उठवतात, त्यांना एक पायली ज्वारी द्यायला पाहिजे. लहानपणी मी शाळेत असायचे आणि दुपारच्या शांततेत ती हाळी आली की गुरुजीसुद्धा फळ्यावर लिहायचे थांबायचे.

दिवाळीत तो आवाज बसला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, तालुक्याच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. मग माझा थोरला भाऊ दिगंबर त्यांना सोलापूरला घेऊन गेला. तो तिथेच गिरणीत होता. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं माझ्या शाळेत फोन केला. मी तेव्हा औशाला शिक्षिका होते. हेडमास्तरांच्या खोलीत उभी राहून मी ऐकलं. गाठ स्वरयंत्रात आहे. सगळं काढावं लागेल. काढलं तर माणूस वाचेल, पण पुन्हा कधी बोलणार नाही. श्वाससुद्धा गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा.

"अण्णांना सांगायचं नाही," दिगंबर म्हणाला. "सांगितलं तर गाडीतच बसणार नाहीत. त्यांना म्हटलंय, गाठ काढणार आणि महिन्याभरात घरी. आईलाही काही बोलू नकोस."

मी हो म्हटलं. तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी गावी आले, ते शाळेचा टेपरेकॉर्डर आणि दोन कोऱ्या कॅसेट पिशवीत घालून. अण्णांचा आवाज, जसा काही उरला होता तसा, मला भरून ठेवायचा होता. एक दिवस होता हातात. त्यांना बोलतं करायचं, जुन्या गोष्टी सांगायला लावायच्या, एवढंच मी ठरवून आले होते.

चहा झाल्यावर अण्णा म्हणाले, "चल, रानात जाऊन यावं. पुन्हा महिनाभर जमायचं न्हाई."

पिशवी खांद्याला लावून मी निघाले. गोठ्यातून बाहेर पडताना त्यांनी तांबड्या गाईच्या वासराचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि दोन कानांच्या मधे नाक टेकवलं. वासरू आधी बिचकलं, मग त्यांची मिशी चाटायला लागलं. अण्णा बराच वेळ तसेच वाकून उभे.

वाटेत मी सुरू केलं. "अण्णा, आजोबांनी ती विहीर कशी खांदली, ते सांगा ना."

"शंभर डाव सांगितलंय."

"पुन्हा सांगा."

"दगड लागला, सुरुंग लावला, पाणी लागलं. झालं." ते खाकरले. "थांब जरा."

बांधालगत दोन वाफे कोथिंबीर होती. त्यांनी एक काडी खुडली, तळहातावर चोळली, नाकाशी धरली. मग हात माझ्यापुढे केला. "हं."

"मस्त," मी म्हणाले. पिशवीत हात घालून मी टेपचं बटण दाबलं होतं. नुसतं 'मस्त' आणि 'हं' एवढंच भरलं गेलं.

हरभऱ्यात शिरलो. घाटे भरले होते आणि पानापानावर दवाचे थेंब होते. हरभऱ्याची आंब त्या दवात उतरते, म्हणून ते आंबट लागतं. लहानपणी मी आणि दिगंबर पानांवरून हात फिरवून बोटं चाटायचो. अण्णांनी तेच केलं. बासष्ट वर्षांचा माणूस धोतर ओलं करत हरभऱ्याच्या मधोमध उभा राहून बोटं चाटत होता. चाटायच्या आधी प्रत्येक वेळी बोटं नाकाशी नेत होता. मलाही राहवलं नाही. थंडीनं बधिर झालेल्या बोटांना तो आंबटपणा चरचरला आणि मी हसले. अण्णाही हसले. ऊन नुकतंच वर आलं होतं, पाठीला गोधडीसारखं लागत होतं. घडीभर मी परवाचा दिवस विसरले.

"आई आणि तुमचं लग्न ठरलं तेव्हाची गंमत सांगा," मी पुन्हा म्हणाले.

"ती सांगंल. तिला लई येतं सांगाया."

आईला कुठलं येणार! आई दिवसाला पन्नास शब्द बोलली तर खूप. आमच्या घरातलं सगळं बोलणं अण्णांचं. ती ऐकायची आणि कामाला लागायची.

ज्वारीच्या कडेला पोचलो तेव्हा बापूराव काका वाट बघत होते. ते अण्णांचे चुलतभाऊ. त्यांचं रान आमच्या बांधाला बांध. त्यांनी आधीच खड्डा खणून गोवऱ्या पेटवल्या होत्या.

"म्हटलं दवाखान्यात जायच्या आधी भानुदासला हुरडा चारावा," काका म्हणाले. "तिथं काय, सलाईनच प्यायचंय."

कवळी कणसं त्या आरात गेली. थोड्या वेळानं आई डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत भाकरी, दही, जवसाची चटणी, गुळाचा खडा. काका तळहातावर तळहात घासून गरम कणसातून दाणे पाडत होते. हिरवे, कोवळे, वाफाळलेले दाणे. आम्ही फुंकून फुंकून खात होतो. अण्णा मात्र मूठ नाकाशी धरून डोळे मिटून बसले होते.

"आवो, खायाचंय का नुसतं हुंगायचंय?" आई म्हणाली.

"म्हातारा मघापास्नं हरणावाणी हुंगायलाय," काका हसले. "भानुदास, ऑप्रेशन झालं की पुढल्या साली अशी हाळी मार, की सोलापूरच्या डागदरला ऐकू गेली पायजे."

माझ्या हातातला हुरडा सांडला. मी मान खाली घातली.

"मारतो की," अण्णा म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि दह्याचा वाडगा पुढे सरकवला.

खाऊन झाल्यावर काका पाणी द्यायला गेले. आई भाजीसाठी हरभऱ्याचे घाटे तोडायला गेली. अण्णा कडुलिंबाखाली आडवे झाले. मी पिशवी त्यांच्या उशाशी ठेवून बसले. वाऱ्यावर कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड, करपट वास येत होता. अण्णा कुशीवर वळून वाऱ्याच्या दिशेला तोंड करून पडले. दीड वाजून गेला होता. कॅसेटमध्ये वारा होता, होले घुमत होते, काकांचं हसणं होतं. अण्णांची पाच-सहा वाक्यं. साडेतीन तासांनी गाडी.

आणि मग माझा तोल गेला.

"अण्णा, बोला ना काहीतरी! आयुष्यभर बोलत आलात आणि आज सकाळपासून नुसतं हुंगत फिरताय. मी एवढी लांबून आले, तर माझ्याशी दोन शब्द..."

अण्णा उठून बसले. त्यांनी पिशवीवर हात ठेवला.

"त्यो डबा चालू हाय का अजून?"

मी पिशवी जवळ ओढली.

"बंद कर बाई. त्याच्या बॅटऱ्या कामून जाळायलीस."

मी टेप बंद केला.

"तुम्हाला माहितीय?"

"दिगू औषधं आणाया खाली गेला हुता तव्हा म्या डागदरला इचारलं. म्हणलं, माझा गळा हाय, मला सांगा. चांगला माणूस. त्यानं कागदावर चित्र काढून दाखवलं. इथून कापायचं, इथं भोक पाडायचं, आवाज संपला." त्यांनी खाकरून घसा मोकळा केला. तो होत नव्हता. "आन् म्हणला, आणिक एक हाय. नाकातून वारा जायचा बंद झाला की वास बी जातो. ते दिगूला बी सांगितलं न्हाई वाटतं त्यानं."

मला ते कळायला वेळ लागला.

"वास?"

"हां. कायमचा."

सकाळपासूनचं सगळं माझ्यापुढे आलं. मोहोर, वासराचं डोकं, चोळलेली कोथिंबीर. त्यांनी माझ्यापुढे हात केला होता आणि मी न हुंगताच 'मस्त' म्हणाले होते.

"अण्णा..."

"रडू नको. आवाजाचं मला कायी न्हाई. पाखरावर वरडलो, बैलावर वरडलो, तुमच्यावर वरडलो. लई झालं. आन् दिवाळीपास्नं जायचाच हुता, सवय झाली. पर ह्ये नाक..." त्यांनी नाकाच्या शेंड्याला हात लावला. "ह्याची कव्हा आठवणच काढली न्हाई म्या. बासष्ट साल फुकट मिळालं. गेले पंधरा दिस रोज हुंगायलोय. तुला सांगतो, शेणाचा वास बी सकाळचा निराळा, सांजचा निराळा. मला ठावंच नव्हतं. डागदरनं सांगितलं नसतं तर तसाच गेलो असतो की कापून घ्यायला."

ते खरंच खूश होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, कुठं दुःख दडवलंय का म्हणून. काहीतरी असणारच, पण त्याच्यावर हा आनंद पसरला होता, एखाद्या पोराला जत्रेत काही गवसल्यासारखा.

"दिगूला बोलू नको," ते म्हणाले. "त्याला वाटतंय, बापाला फसवून वाचवायलोय. वाचवू दे. गुणाचं पोरगं हाय."

"आणि आई?"

"तिला नंतर. आज सांगितलं तर समदा दिस रडण्यात गेला असता. मग हुरडा कसला अन् काय."

मी नाक पुसलं. "मग सगळं झालं का हुंगून?"

"एक राहिलंय," अण्णा म्हणाले आणि एकाएकी लाजल्यासारखे झाले. धोतराचा सोगा झटकत उठले. "ते घरी. चल, त्या गुऱ्हाळाकडं जाऊन येऊ. अजून येळ हाय."

आम्ही गेलो. उकळत्या काहिलीच्या कडेला बापलेक उभे राहिलो आणि वाफेत तोंड धरलं. गुळव्यानं पळसाच्या पानावर गरम काकवी दिली. त्या वेळी मात्र मी खरोखर हुंगलं. आज इतक्या वर्षांनी मला त्या वासातले तीन-चार वेगळे वास सांगता येतील. अण्णांनीच ते उभ्या उभ्या वेगळे करून दाखवले.

चार वाजता घरी आलो. आई आधीच आली होती. फाट्यापर्यंत पोचवायला यायचं म्हणून तिनं रानातलं लुगडं बदलून चांगलं हिरवं लुगडं नेसलं होतं. अण्णांच्या पिशवीत तिनं दोन धोतरं, चटणीची पुडी, तांब्या भरला. ती गावातच राहणार होती; गुरांचं कोण करणार?

अण्णा उंबऱ्यापाशी घुटमळत होते.

"कानाला बांधाया तुझं एखादं जुनं लुगडं दे," ते म्हणाले. "गाडीत वारं लागतं."

"दिगूनं मफलर धाडलाय की."

"ते टोचतं. लुगडं दे."

आईनं पेटी उघडून घडी काढली.

"ते नको. धुतलेलं नको." अण्णांनी दाराआडच्या खुंटीकडे बोट दाखवलं. "ते दे."

खुंटीवर तिनं नुकतंच सोडलेलं लुगडं होतं, फिक्या जांभळ्या रंगाचं, विटलेलं.

"आवो, ते कालपास्नं अंगावर हुतं माझ्या. धुराट, घामट. दवाखान्यात लोक काय म्हणतील?"

"दे म्हणलं ना."

आईनं खुंटीवरून लुगडं काढलं आणि ते हातात घेऊन उभी राहिली. तिनं ते दिलं नाही. तिनं अण्णांच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली बघत होते.

"मी सकाळपास्नं बघायली," ती हळू आवाजात म्हणाली. "मोहोर हुंगला. वासरू हुंगलं. हुरडा हुंगला. आता ह्ये." ती थांबली. "डागदर काय म्हणला तुम्हाला?"

अण्णांनी सांगितलं. तीनच वाक्यं, तीही तुटक, खाकरत. बाहेर तांबडी गाय हंबरली तेवढाच आवाज.

मला वाटलं, आता आई खाली बसेल. आमच्याकडे बाया असं काही ऐकलं की भिंतीला धरून खाली बसतात. आई बसली नाही. तिनं लुगड्याला हातानं सारखं केलं आणि म्हणाली, "आन् ह्ये तुम्ही मला लुगडं मागून सांगायले?"

अण्णा खाली वाकून पिशवी उगाच सारखी करायला लागले.

ती आतल्या खोलीत गेली. दार लोटलं. बांगड्या वाजल्या. बाहेर आली तेव्हा तिनं हिरवं सोडून तेच जांभळं लुगडं पुन्हा नेसलं होतं.

"लुगडं कशाला नेता," ती म्हणाली. "मीच येते. कौसा, पळ, बापूराव भावजीला सांग, गुरांचं बघा म्हणावं. आन् त्यायला म्हणावं, गाडी आली तर जरा थांबवून धरा."

पाचची गाडी सव्वापाचला आली. तिघांच्या बाकावर आई खिडकीपाशी, मधे अण्णा, कडेला मी. खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली. थंड वारं आत येत होतं. गाव मागे पडल्यावर आईनं डोक्यावरचा पदर सोडला आणि तो अण्णांच्या कानांवरून, नाकावरून गुंडाळला. चारचौघांत तिनं असं काही केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. अण्णांनी डोळे मिटले. बार्शी येईपर्यंत मला त्यांचा चेहरा दिसला नाही. छाती मात्र दिसत होती. सावकाश, पूर्ण भरायची आणि तितक्याच सावकाश रिकामी व्हायची.

सोलापूरच्या स्टँडवर दिगंबर आला होता. आईला उतरताना पाहून तो गोंधळला. दुसऱ्या दिवशी, अण्णांना भरती केल्यावर, रात्री दवाखान्याच्या पायरीवर बसून मी त्याला सगळं सांगितलं. अण्णांनी नको म्हटलं होतं तरी सांगितलं. घरात आता कुणी कुणापासून काही लपवायचं नाही, असं मला वाटत होतं. दिगंबर खूप रडला आणि मग आत जाऊन अण्णांचे पाय चेपत बसला. अण्णांनी माझ्याकडे बघून मान हलवली, रागावल्यासारखी.

ऑपरेशन चांगलं झालं. अण्णा पुढे अकरा वर्षं जगले, आणि नीट जगले. माळ्यावर उभे राहून ते पाखरांसाठी पत्र्याचा डबा वाजवायचे. पाटीवर लिहून बापूराव काकांशी भांडायचे. गळ्यापाशी स्वच्छ पांढरा रुमाल असायचा, तो आई रोज धुवायची. दिगंबरच्या पोराच्या लग्नाआधी एका पहाटे झोपेतच गेले.

पण मला सांगायचंय ते ऑपरेशननंतरच्या माघातलं.

सुट्टी काढून मी गावी गेले होते. सकाळच्या पहिल्या गाडीनं उतरून, शेतातून आडवाटेनं परसाच्या बाजूला आले. कुडाजवळ पोचले तर पलीकडून आईचा आवाज येत होता. ती बोलत होती. एकटीच, सलग, न थांबता. मी थबकून ऐकायला लागले.

"... तर आज धुकं जादा हाय, म्हणून धूर वर जायला न्हाई, खालीच घुटमळायलाय. ओल्या लाकडाचा हाय, जरा आंबूस. गोठ्यातून गवताचा यायलाय, कालच्यापरीस ताजा. आंब्याचा म्हणाल तर अजून कवळा हाय, दुपारच्याला सुटंल. भाकर करपली एक, त्यो बी हाय. आन् गाय व्यायची हाय आज-उद्या, तिचा निराळाच यायलाय, तुमाला म्हाईतच हाय कसा..."

मी कुडावरून डोकावले. अण्णा ओट्यावर डोळे मिटून बसले होते. आई त्यांच्या शेजारी, मांडीवर हात ठेवून, नाक वर करून सांगत होती. सगळ्या जन्मात पन्नास शब्दांवर दिवस काढलेली माझी आई.

तिनं मला पाहिलं, पण ती थांबली नाही.

"... आन् आता तुमची लेक आलीय," ती म्हणाली. "डोक्याला काय लावलंय द्येवाला ठाऊक, नुसता उदबत्तीचा पुडा झालीय."

अण्णांनी डोळे उघडले. त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. हसण्याचा आवाज नव्हताच. गळ्यावरचा पांढरा रुमाल तेवढा फडफडत होता.